मोठ्या टांकीची ऊब

जानेवारींतील एखाद्या पहांटे पुण्यांत उघड्यावरचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरलेला असतो. घरांतील माणसें दुलया ओढून निजलेलीं असतात. दारें-खिडक्या लावलेल्या असूनहि दिवाणखान्यांतील हवा 18 अंशांच्या वर सरकत नाहीं. त्याच दिवाणखान्यांत भिंतीशीं सहा फूट लांबीची कांचेची टांकी आहे. तींत सुमारें हजार लिटर पाणी आहे, आणि त्या पाण्यांत दहा-बारा डिस्कस मासे आहेत. ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या-तांबड्या रेघा असलेले. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतील संथ, कोमट पाणी हें या जातीचें मूळ घर. त्यांना 28 ते 30 अंश उष्णतेचें पाणी लागतें, आणि दुलई ओढून घेण्याची सोय माशाला नाहीं.

अगदीं थोडे अपवाद सोडले तर मासा हा शीतरक्ताचा प्राणी होय. पाण्याचें जें तापमान तेंच त्याच्या अंगाचें. पाणी 23-24 अंशांवर आलें कीं डिस्कसची भूक मंदावते, रंग काळवंडतो, तो कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. आणि एकाएकीं आलेल्या गारठ्याच्या मागोमाग पुष्कळदां पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टांकींत शिरतो. मुंबईंत हाच मासा डिसेंबरांतहि फारशी तक्रार करीत नाहीं, कारण समुद्रकांठच्या बंद खोलींतील हवा सहसा तितकी गार होत नाहीं. मुंबईंतल्या आप्ताच्या टांकीकडे पाहून पुण्यांत, नाशकांत किंवा नागपुरांत टांकी मांडणाऱ्या गृहस्थाची पहिल्याच थंडींत फसगत होते ती यामुळें. ज्यांच्या घरीं गोल्डफिश आहेत त्यांनीं मात्र या खटाटोपांत पडण्याचें कारण नाहीं. तो थंड पाण्याचाच मासा आहे. त्याला मुद्दाम उबवत ठेवणें हा त्याच्यावर उपकार नव्हे.

घरांत कांचेमागें मासे पाळण्याची हौस फार जुनी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें तें 1853 सालीं. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें पुस्तक निघालें आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर झाला. उष्ण देशांतले मासे थंड देशांत जाऊं लागले तेव्हां टांकीचा तळ पाटीच्या दगडाचा करून त्याखालीं तेलाची किंवा गॅसची ज्योत ठेवीत. त्या ज्योतीची जागा पुढें विजेनें घेतली आणि कांचेच्या नळींत तार घातलेला, पाण्यांत बुडवून ठेवण्याचा हीटर आला. लहान टांकीला आजहि त्याच्याइतकें सोयीचें साधन नाहीं.

मोठ्या टांकींत मात्र त्याचे दोष दिसूं लागतात. एका कोपऱ्यांत उभा केलेला हीटर तो कोपरा आधीं तापवितो. पाण्याचा प्रवाह दुबळा असेल तर एका टोंकाला 29 अंश आणि दुसऱ्या टोंकाला 26 असा प्रकार घडतो. ऑस्कर किंवा अरोवाना यांसारखा हातभर मासा बिथरला तर शेंपटीच्या एका फटकाऱ्यानें कांचेची नळी फोडतो. तळाशीं चिकटून राहणारे मासे हीटरलाच चिकटून भाजून घेतात. शिवाय, ज्यानें लांकडें, वनस्पति आणि वाळू यांची मोठ्या रसिकतेनें मांडणी केली त्याला तो काळा दांडा डोळ्यांत खुपतो, हेंहि खरेंच. यावर तोड म्हणून जो हीटर निघाला त्याला बाजारांत 'इनलाइन हीटर' म्हणतात. हा टांकींत नसतोच. टांकींतले पाणी फिल्टरमध्यें जाऊन गाळलें जातें आणि दुसऱ्या नळीनें परत येतें. त्या परतीच्या नळीला मध्येंच छेद देऊन तेथें हा बसवितात. वाहतें पाणी त्याच्या पोटांतून जातें, जातां-जातां थोडें तापतें, आणि फिल्टरच्या प्रवाहाबरोबरच सर्व टांकीभर पसरतें.

येथें एक गोष्ट आधींच सांगणें बरें. ज्यांच्या टांकीखालीं दुसरी लहान टांकी, म्हणजे दुकानदार जिला 'संप' म्हणतात ती, आहे त्यांनीं इनलाइन हीटरच्या मागें लागूं नये. साधा बुडवण्याचा हीटर त्या खालच्या टांकींत ठेवला कीं मासा त्याच्याजवळ जात नाहीं आणि तो डोळ्यांनाहि दिसत नाहीं. इनलाइन हीटर शोभतो तो बंद डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर फिल्टरवर चालणाऱ्या टांकीला. पुढचें सर्व विवेचन त्याच टांकीसाठीं आहे.

आतां हीटर किती वॉटचा घ्यावयाचा? दुकानांत विचारलें तर ठराविक उत्तर मिळतें: लिटरला एक वॉट. म्हणजे हजार लिटरला हजार वॉट. दोन फुटी टांकीच्या बाबतींत हा हिशेब बरोबर आहे. सहा फुटी टांकीच्या बाबतींत तो चुकीचा आहे, इतकेंच नव्हे तर धोक्याचा आहे. पाणी थंड होतें तें टांकीच्या पृष्ठभागांतून. 60 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद-उंच अशा टांकींत 54 लिटर पाणी मावतें आणि तिच्या सहाहि बाजू मिळून पृष्ठभाग 9,000 चौरस सेंटिमीटर होतो. म्हणजे दर लिटरमागें 165 हून अधिक. 180 सेंटिमीटर लांब व 75 सेंटिमीटर रुंद-उंच टांकींत हजार लिटर मावतें आणि दर लिटरमागें पृष्ठभाग पडतो अवघा 65 च्या आसपास. टांकी जों जों मोठी तों तों तिची ऊब टिकाऊ. मोठ्या हंड्यांतील पाणी तांब्यांतल्या पाण्यापेक्षां उशिरां निवतें, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊकच आहे.

सहा फुटी टांकीवर कांचेचें झांकण असेल तर खोलींतील हवा आणि पाणी यांच्यांत एक अंशाचा फरक टिकविण्यास सुमारें 30 वॉट खर्ची पडतात. पहांटे खोली 18 आणि पाणी 28 असेल तर फरक 10 अंशांचा. म्हणजे 300 वॉट. पण हीटर विकत घेण्याच्या आधीं एक स्वस्त वस्तु विकत घ्यावी, ती म्हणजे थर्मोकोलचे इंचभर जाडीचे तक्ते. टांकीची मागची बाजू आणि दोन्हीं आखूड बाजू यांना ते बाहेरून लावले, आणि तळाखालीं एक आधींपासूनच घातलेला असला, कीं तोच खर्च अंशाला 20 वॉटच्या आसपास येतो. मग सर्वांत गार वेळींहि 200 वॉट पुरतात. झांकण नसेल तर मात्र हा सगळा हिशेब कोसळतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जातें तेव्हां जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता बरोबर घेऊन जातें. उघड्या टांकींतून दिवसाला पांच लिटर पाणी सहज उडतें. म्हणजे साडेतीन युनिटांच्या जवळपास उष्णता. कांच कापणाऱ्याला दोन फळ्या कापावयास सांगणें हें त्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें.

हिशेबाचें दुसरें अंग याहूनहि महत्त्वाचें आहे आणि तें दुकानांत कोणी सांगत नाहीं. हीटरमधील थर्मोस्टॅट ही एक चीप आहे. ठरलेल्या अंशाला ती जोडणी तोडते आणि पाणी निवलें कीं पुन्हां जोडते. वारंवार असें उघडमीट करतां करतां कधीं तरी तिचीं टोंकें एकमेकांस चिकटून बसतात, आणि मग हीटर बंद होणें विसरतो. मोठ्या टांक्यांतील मासे दगावतात ते थंडीनें कमी आणि या चिकटलेल्या चिपेनें अधिक. तेव्हां हीटर निवडतांना दोन प्रश्न विचारावयाचे असतात: हा एकटा चालू राहिला तर काय होईल, आणि हा एकटा बंद पडला तर काय होईल?

हजार वॉटचा एकच हीटर आहे असें समजावें. रात्रीं नऊ वाजतां तो चिकटला. खोली 20 अंश, पाणी 28. रात्रभरांत तासाला पाऊण अंशाहून थोड्या कमी गतीनें पाणी चढत राहील आणि सकाळीं नऊ वाजतां घरधनी चहाचा पेला घेऊन टांकीसमोर येईल तेव्हां पारा 36 च्या घरांत असेल. ऊन पाण्यांत प्राणवायूहि कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यांत लिटरमागें नऊ मिलिग्रॅम मावतो तर 35 अंशांच्या पाण्यांत सात. म्हणजे माशाचा श्वास वाढलेला असतो त्याच वेळीं पाण्यांतला श्वास घटलेला असतो.

आतां 200 वॉटचे दोन हीटर घेतले आहेत असें समजावें. एक चिकटला, तर तो एकटा पाण्याला खोलीपेक्षां 10 अंशांहून वर नेऊंच शकत नाहीं. हिंवाळ्यांत दिवसाची खोली सरासरी 22 धरली तरी पाणी 32 वर थांबेल. डिस्कस तेवढें सोसतो, थोडा हांपतो, पण मरत नाहीं. आणि तेथवर पाणी चढावयासहि दोन-चार दिवस लागत असल्यामुळें तोंपर्यंत कोणाचें ना कोणाचें लक्ष जातेंच. उलट, एक हीटर जळून बंद पडला, तर दुसरा एकटा पहांटेच्या 18 अंशांतहि पाणी 28 च्या जवळ धरून ठेवतो. एकटा मारूं शकत नाहीं आणि एकटा तारूं शकतो, असा हा मेळ आहे. थर्मोकोल आणि झांकण यांनीं उष्णतेची गळती कमी केली नसती तर तो जमला नसता. उन्हाळ्याची गोष्ट निराळी. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच 32-33 अंश असते. तेव्हां चिकटलेला 200 वॉटचा हीटरहि घातकच ठरेल. म्हणून होळी झाली कीं दोन्हीं हीटरांच्या पिना सॉकेटमधून काढून ठेवाव्यात. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, कारण घरांत पाहुणे येतात आणि दिसेल तें बटण दाबतात.

हीटरचें पोट कशाचें आहे हें पाहणेंहि अगत्याचें आहे. गोड्या पाण्याला चांगलें स्टेनलेस स्टील चालतें. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत मात्र त्याला बारीक भोंकें पडूं लागतात. तेथें टायटॅनियम किंवा कांच-क्वार्ट्झ यांचेंच आवरण हवें, मग किंमत कितीहि असो. आणि तांबें व पितळ या दोन धातूंना तर टांकीच्या नळमार्गांत थाराच देऊं नये. नळकाम करणारा कारागीर बहुधा येथेंच आडवा येतो. त्याचा हात गिझर आणि सोलर यांवर बसलेला असतो. तो नळमार्ग पाहतो, मान हालवतो आणि म्हणतो, "साहेब, एवढा महागाचा हीटर कशाला? गिझरची कॉइल टाकून देतो, पितळी जोड लावतो, दहा वर्षें बघायला नको." माणूस प्रामाणिक असतो, सल्लाहि न्हाणीघरापुरता सोळा आणे खरा असतो. पण डिस्कससाठीं ठेवलेलें मऊ, किंचित् आम्लधर्मी पाणी तांबें हळू हळू विरघळवतें आणि विरघळलेलें तांबें माशांस विष आहे. शंख-गोगलगायी आणि कोळंब्या तर त्याच्या लेशमात्रानेंहि मरतात. स्नानाच्या पाण्याचा माणसाशीं संबंध पांच मिनिटांचा. मासा त्या पाण्यांत चोवीस तास श्वास घेतो. एवढें समजावून सांगितलें कीं चांगला कारागीर हट्ट धरीत नाहीं.

प्रत्यक्ष जोडणी अशी असावी. एका मोठ्या फिल्टरपेक्षां मध्यम आकाराचे दोन घ्यावेत आणि प्रत्येकाच्या परतनळीवर एक एक हीटर बसवावा. मग एक फिल्टर तुंबला तरी दुसरा प्रवाह आणि दुसरी ऊब चालूच राहते. हीटर शोषणाच्या बाजूला बसवूं नये. त्या बाजूला पाणी गाळलेलें नसतें, पानांचे तुकडे आणि विष्ठा हीटरच्या पोटांत अडकतात. शिवाय तेथें एखादा जोड किंचित् सैल राहिला तर पाणी गळण्याऐवजीं हवाच आंत ओढली जाते आणि दोष कोठें आहे तें दिसत नाहीं. परतीच्या बाजूला गाळलेलें पाणी दाबाखालीं असतें; जोड सैल असला तर थेंब दिसतो. दिसणारा दोष केव्हांहि पत्करावा.

हीटर उभा बसवावा, पाणी खालून शिरून वरून निघेल असा. आडवा किंवा उलटा बसवला तर हवेचे बुडबुडे त्याच्या पोटांत सांचतात, तेवढा भाग कोरडा राहतो आणि तेथेंच तो जळतो. त्याची जागा टांकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षां पुष्कळ खालीं, खालच्या कपाटांत असावी, म्हणजे पंप थांबला तरी तो भरलेलाच राहील. कपाटाच्या बाजूच्या फळीला त्याला पट्टीनें आवळावें; नळीवर लोंबकळत ठेवूं नये, कारण भरल्यावर त्याचें ओझें जोडावर पडतें. नळी ज्या मापाची फिल्टरला असते त्याच मापाची हीटरलाहि हवी. आंतून 16 आणि बाहेरून 22 मिलिमीटर हें मोठ्या फिल्टरांचें सर्वसाधारण माप आहे. 12 मिलिमीटरचा हीटर स्वस्त मिळाला म्हणून मध्यें निमुळता जोड घालून तो बसवणें म्हणजे फिल्टरचा गळा आवळणें. नळीचें टोंक मिनिटभर ऊन पाण्यांत धरलें कीं मऊ होतें आणि हीटरच्या तोटीवर पुरतें चढतें. त्यावर स्टेनलेस स्टीलची क्लिप आवळावी. तोटी प्लॅस्टिकची असते, तेव्हां क्लिप बेतानेंच. हीटरच्या खालीं एक आणि वर एक असे दोन बॉल व्हॉल्व्ह घातले तर टांकी रिकामी न करतां हीटर काढतां येतो. ज्यांना कडक नळ हवा त्यांनीं सी. पी. व्ही. सी. चा नळ आणि हीटरच्या दोन्हीं टोंकांना युनियन घालावेत. युनियनशिवाय चिकटवलेला हीटर काढावयाचा म्हणजे करवतच लागते. सोल्युशन लावलेले जोड एक दिवस वाळूं द्यावेत आणि पहिलें पाणी खेळवून फेंकून द्यावें.

एक बारकावा बहुतेक घरांत राहून जातो. कपाटांत उतरलेल्या नळीचा कोठलाहि जोड निसटला तर टांकींतले पाणी वक्रनळीच्या न्यायानें आपोआप खालीं येऊं लागतें, आणि शोषणनळीचें तोंड उघडें पडेपर्यंत थांबत नाहीं. तें तोंड तळाशीं असेल तर हजारच्या हजार लिटर फरशीवर, आणि फ्लॅट असेल तर खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून. म्हणून तें तोंड वरच्या तिसऱ्या भागांत ठेवावें. तळाचा गाळ आठवड्याला नळीनें ओढून काढावा लागेल, तेवढा त्रास सोसावा. परतनळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या बोटभर खालीं एक लहानसें भोंक पाडावें. पातळी तेथवर उतरली कीं त्यांतून हवा शिरते आणि त्या बाजूचा ओघ तुटतो.

जोडणी पुरी झाल्यावर लगेच हीटर लावण्याची घाई करूं नये. कपाटांत प्रत्येक जोडाखालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें आणि नुसता पंप चोवीस तास चालूं द्यावा. ओल्या फडक्याला, बोटांना आणि डोळ्यांना जो थेंब कळत नाहीं तो वर्तमानपत्रावर डाग होऊन उमटतो. डाग नसेल तरच वीज जोडावी.

विजेची बाजू थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, पण तीच जिवावरची आहे. 200 वॉटचा हीटर एक अँपियरहून कमी वीज घेतो. त्याला साधा सॉकेट पुरतो. परंतु त्या सॉकेटला खरें अर्थिंग हवें, आणि त्या वाटेवर 30 मिलिअँपियरला तुटणारी आर. सी. सी. बी. हवी. पाण्यांत हात घातलेल्या माणसाच्या अंगांतून वीज वाहूं लागली तर साधा फ्यूज तिची दखलहि घेत नाहीं, आर. सी. सी. बी. क्षणार्धांत वाट तोडते. सॉकेट नळ्यांच्या वरच्या उंचीवर असावा, आणि वायर सॉकेटच्या खालीं झोळीसारखी लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोळीच्या तळाशीं गळून पडेल.

हीटरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर विसंबून न राहतां बाहेरचा एक कंट्रोलर लावावा. कंट्रोलर 28 वर आणि हीटरचा थर्मोस्टॅट 29 वर ठेवावा. एक चिकटला तर दुसरा तोडतो. कंट्रोलरची संवेदक तार टांकींत, परतीच्या धारेपासून लांब, घट्ट चिमट्यानें बसवावी. टांकी पुसतांना ती बाहेर निघाली आणि तशीच राहिली तर ती खोलीची हवा मोजूं लागते, आणि हीटर भर दुपारींहि कामाला लागतो. अशा वेळीं 29 वरचा आंतला थर्मोस्टॅट उपयोगी पडतो. आणि आंकडा दाखवणाऱ्या यंत्रावर डोळे झांकून विश्वास ठेवूं नये. घरांतला ताप मोजण्याचा थर्मामीटर आणि टांकीचा थर्मामीटर दोन्हीं 37 अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यांत एका भांड्यांत धरून पाहिले तर टांकीचा किती खोटें बोलतो तें पांच मिनिटांत कळतें. एक-दीड अंशाचा फरक मुळींच विरळा नाहीं.

राहतां राहिला तो या हीटरचा स्वतःचा खास धोका, आणि तो आहे प्रवाह थांबण्याचा. तासाला हजार लिटर पाणी वाहत असेल तर 200 वॉटचा हीटर त्याला पाव अंशहि तापवीत नाहीं. हात लावला तर दोन्हीं नळ्या सारख्याच लागतात. पण फिल्टर तुंबला, किंवा वीज जाऊन परत आल्यावर पंपांत हवा अडकून तो नुसताच गुरगुरत राहिला, तर हीटरच्या पोटांत असलेलें अर्धा लिटर पाणी बारा-तेरा मिनिटांत उकळूं लागतें. प्लॅस्टिकची तोटी मऊ पडते, क्लिप सैल होते, आणि वर सांगितलेला हजार लिटरांचा प्रसंग ओढवतो. यासाठीं ज्यांत अतितापानें आपोआप तुटणारी जोडणी नाहीं असा इनलाइन हीटर कितीहि स्वस्त असला तरी घेऊं नये. त्याहून पुढें जाऊन प्रवाह-स्विच आणि रिले बसवून घेतला, म्हणजे पाणी वाहत असेल तरच हीटरला वीज मिळेल, तर खर्च थोडा वाढतो आणि झोप चांगली लागते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनीं त्यावर फक्त पंप घ्यावा, हीटर घेऊं नये. हजार लिटर पाणी थर्मोकोलच्या आड तासाला पाव अंशहि निवत नाहीं. तीन तास ऊब नसली तर कांहीं बिघडत नाहीं, पण तीन तास प्रवाह नसला तर फिल्टरमधले उपकारक जंतू गुदमरूं लागतात.

फिल्टर धुण्याच्या दिवशींचा क्रम कपाटाच्या दाराला आंतून कागदावर लिहून डकवावा, कारण तें काम नेहमीं एकाच माणसाकडे राहील असें नाहीं. आधीं हीटर बंद. दहा मिनिटें पंप तसाच चालूं द्यावयाचा, म्हणजे हीटरच्या पोटांतली धग निघून जाते. मग पंप बंद. पुन्हां लावतांना आधीं पंप, बुडबुडे पुरते थांबूं द्यावयाचे, परतनळीची धार नेहमींसारखी आलेली डोळ्यांनीं पाहावयाची, आणि मगच हीटर. थंडीच्या दिवसांत पाणी बदलतांनाहि हात आंखडता घ्यावा. 18 अंशांच्या नळाचें 250 लिटर पाणी एकदम घातलें तर टांकी अडीच अंश उतरते आणि दोन्हीं हीटर मिळून तें भरून काढावयास दहा-अकरा तास घेतात. शंभर लिटर घातलें तर उतार एक अंशाचा आणि भरपाई चार-पांच तासांची. आठवड्याला एकदां अडीचशें बदलण्यापेक्षां दोन-तीनदां शंभर-शंभर बदलावें.

विजेचें बिल किती, हा प्रश्न घरांत उठतोच. पहांटेच्या गारठ्यांत 200 वॉट लागतात, पण दुपारीं खोली 23-24 अंशांवर येते तेव्हां त्याच्या निम्म्याहून कमी. ऐन जानेवारींत दिवसाला तीन-साडेतीन युनिटें पडतात असें धरावें. थर्मोकोल आणि झांकण नसतें तर हाच आंकडा दुपटीच्या पुढें गेला असता.

होळीनंतर पिना काढल्या कीं एखाद्या सुटीच्या दिवशीं दोन्हीं व्हॉल्व्ह बंद करून हीटर सोडवावेत. बोअरचें पाणी असेल तर आंत पांढरा क्षार धरलेला असतो. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यांत तासभर ठेवला कीं तो सुटतो, आणि मग साध्या पाण्यानें तीन-चारदां खळबळून काढावें. रबरी वायसरें कडक झालीं असतील तर ती बदलावींत. तीं वायसरें चार-दोन रुपयांचीं असतात आणि गळतीचें मूळ बहुधा तींच. दिवाळी उलटून पहिली थंडी पडली म्हणजे हीटर पुन्हां जागेवर बसवावेत, खालीं त्या दिवशींचें वर्तमानपत्र पसरावें, आणि नुसता पंप एक दिवस चालूं द्यावा.